यादीतलं शेवटचं नाव

गिअरचा कारखाना बंद पडला आणि वर्षभरात डॅरल प्रुइट गळ्यापर्यंत कर्जात बुडाला. वकीलबाईंनी दिवाळखोरीचा अर्ज त्याच्यापुढे सरकवला.

"ज्याचं ज्याचं देणं आहे, त्या प्रत्येकाचं नाव लिहा. एक जरी दडवलंत तर जज अर्ज तोंडावर फेकेल."

"आईनं गाडीच्या दुरुस्तीला पैसे दिले होते. तिचंही?"

"तिचंही."

त्यानं सगळ्यात शेवटी लिहिलं, लोरीन प्रुइट.

यादीतल्या सगळ्यांना कोर्टाची पत्रं पोचली आणि वसुलीवाल्यांचे फोन एकदम थांबले. कितीतरी महिन्यांनी डॅरलला गाढ झोप लागली. पण दर रविवारी चर्चमधून आल्यावर यायचा तो आईचा फोनही येईना. पैसे बुडवले म्हणून रुसली असेल, असं त्याला वाटलं. आपण होऊन फोन करायला तोंड कुठं होतं? चौथ्या रविवारी मात्र तो तिच्या दारात जाऊन उभा राहिला.

आईनं दार उघडलं. तिचा हात प्लास्टरमध्ये होता.

"अगं, पडलीस कधी?"

"झाले पंधरा दिवस. पायरीवर बर्फ होता. तासभर तिथंच पडून होते."

"फोन खिशात असतो ना तुझ्या? मला का नाही लावलास?"

लोरीननं आधी रस्त्यावर दोन्हीकडे बघून घेतलं. मग आवाज खाली आणून म्हणाली,

"ज्यांचं देणं आहे त्यांनी तुला फोन करायचा नाही, असं कोर्टाचं पत्र आलंय रे मला."