हजारात दोन

नळांवर क्रोमचा मुलामा चढवणाऱ्या खात्यात काकूंची हयात गेली होती. टाक्यांवरची पिवळी वाफ छातीत जाऊन कॅन्सरचा धोका किती, याचा अहवाल मॅनेजरसाहेबांनी आज सगळ्यांना केबिनसमोर उभं करून वाचून दाखवला.

"हजार माणसांत जेमतेम दोघांना. म्हणजे धोका नाहीच. चला, पटापट सह्या करा."

काकूंनी पेन हातात घेतलंच नाही. "साहेब, आपल्या खात्यात आम्ही किती जण होतो?"

"बारा."

"त्यातले दोघं फुप्फुसाच्या कॅन्सरने गेले. हजार जणांचा वाटा आम्ही बाराजणांनीच उचलला की! उरलेले नऊशे अठ्ठ्याऐंशी कुठे दडवलेत?"

"उगाच फाटे फोडू नका, काकू. सही नाही तर काम नाही."

"करते की सही! धोका नाहीच म्हणता ना? मग तुमचं टेबल टाकीशेजारी मांडा, तिथेच करते."

मग मागून चौघं पुढे झाले, केबिनमध्ये शिरले आणि फायलींसकट टेबल उचलून चालू लागले. साहेब ओरडत त्यांच्यामागे धावले.

टेबल टाकीपाशी टेकायच्या आतच साहेबांनी नाकाला रुमाल लावला होता.