तीर्थ आणि उजवीकडचा पडदा

केबल खटकन बसली आणि दोन्ही पडदे एकदम उजळले.

"आई, बघा! अहो, बघा ना!" स्मरांडा खुर्चीतून उडालीच. मग आपण हाक कुणाला मारतोय ते ध्यानात येऊन तिने दारातल्या सासूला, प्रोफिराबाईंना, हातवारे करून जवळ बोलावलं. त्यांना सहा वर्षांपासून काही ऐकू येत नव्हतं.

"एवढीशी डबी?" प्रोफिराबाई मोठ्याने म्हणाल्या. "साबणाच्या वडीएवढी! आणि दोन-दोन टीव्ही ओढते?"

स्मरांडाने हसत जोरजोरात मान हलवली. दोन्ही पडदे, माइक, इंटरनेटची तार, सगळं त्या डबीत, म्हणजे डॉकमध्ये, खोचलेलं; डॉकमधून एकच केबल लॅपटॉपला. आता डावीकडे सामना दिसणार, उजवीकडे अक्षरं, आणि मधे लॅपटॉपवर बुखारेस्टच्या परीक्षक बाईंचे निरोप. कानात निवेदक जे बोलेल ते तिने लगोलग माइकमध्ये बोलायचं; यंत्र त्याची अक्षरं करून ऐकू न येणाऱ्या प्रेक्षकांना पाठवणार. मागच्या दोन परीक्षांत हे सगळं लॅपटॉपच्या इवल्याशा पडद्यावर एकमेकांवर चढलं होतं, आणि तिने एक गोल चक्क दुसऱ्या संघाला देऊन टाकला होता. आजची परीक्षा तिसरी आणि शेवटची. जमलं तर नोकरी याच खोलीतून, इथे रादाउत्स गावातच. नाही जमलं तर कामासाठी फेब्रुवारीत इटलीची बस, आणि म्हातारी या घरात एकटी.

प्रोफिराबाईंनी स्वतःवर क्रूसाची खूण केली, मग पडद्यांवर, मग जराशी डॉकवरही.

बरोबर बाराला निरोप उमटला: 'सुरू करा. अर्धा तास. प्रेक्षक जोडलेले आहेत.'

आणि काय सांगावं, अक्षरं नुसती धावत सुटली. मुलींचा हँडबॉल म्हणजे श्वास घ्यायला फुरसत नाही. पण एक डोळा डावीकडे, एक डोळा उजवीकडे, एकही नाव चुकेना. वीस मिनिटं झाली तेव्हा स्मरांडाचे कान लाल झाले होते आणि पाय टेबलाखाली आपोआप नाचत होते.

तेवढ्यात दार उघडलं. बर्फाने माखलेले बूट, काळा झगा, हातात तीर्थाचं पितळी भांडं: फादर वालेरियान. येशूच्या बाप्तिस्म्याच्या सणाचा आदला दिवस. आज फादर घरोघर तीर्थ शिंपडत फिरतात. किती वाजता येतील ते कुणालाच ठाऊक नसतं, आणि कुणी दाराला कडी घालत नाही. तीर्थ मिळेपर्यंत उपास धरलेल्या प्रोफिराबाईंनी त्यांना थेट टेबलापाशीच आणलं.

"आधी नव्या वस्तूवर, फादर! ही डबी. सगळा भार हिच्यावर आहे!"

स्मरांडा मानेने नको-नको म्हणत होती आणि तोंडाने, "सतरा नंबर उजव्या बाजूने आत..."

"घाबरू नकोस गं," फादर बसक्या आवाजात म्हणाले. "गेल्या वर्षी मिहोकच्या ट्रॅक्टरवर शिंपडलं. अजून चालतोय."

त्यांनी सुक्या तुळशीची जुडी भांड्यात बुडवली. स्मरांडाने उजवा पंजा झटकन डॉकवर उपडा घातला. डावा हात माइकच्या बटणाकडे निघाला, पण तो प्रोफिराबाईंनी मधेच पकडला. "उभी राहा पोरी! तीर्थ कुणी बसून घेतं का?"

ती उभी राहिली. थेंब मनगटावर पडले, बोटांच्या फटींकडे ओघळले. तिने बोटं आणखी आवळली. थंडीने घसा बसल्यामुळे फादर स्तोत्र गात नव्हते, एकेक शब्द सुटा करून म्हणत होते. माइक तसाच चालू. उजवीकडच्या पडद्यावर सतरा नंबरच्या खाली नदी आली, नदीवर उतरलेलं कबूतर आलं, उघडलेलं आकाश आलं. एकही चूक नाही.

लॅपटॉपवर निरोप: 'हे काय चाललंय?'

उत्तर टाइप करायला स्मरांडाचा एकही हात मोकळा नव्हता.

मग तिच्या डाव्या हातावरची पकड सैल झाली. प्रोफिराबाई उजवीकडच्या पडद्यापाशी गेल्या होत्या. त्यांचे ओठ हलत होते. फादरच्या शब्दामागे शब्द, आधी पुटपुटत, मग मोठ्याने. फादर चमकून थांबले, त्याही थांबल्या. फादरनी पुढचा शब्द उच्चारला, तो पडद्यावर उमटला आणि लगेच प्रोफिराबाईंच्या तोंडून आला.

"फादर," त्या वळून म्हणाल्या, "अहो, तुम्ही हे एवढं सुंदर म्हणता?"

फादरनी क्रूस पुढे केला. आधी म्हातारीने ओठ टेकले, मग सुनेने. ते झालं तेव्हा स्तोत्राची शेवटची ओळ पडद्याच्या तळाशी उभी होती आणि लॅपटॉपवर नवा निरोप आला होता.

'आमच्याकडे फादर अजून यायचेत. पुढे चला.'

स्मरांडाचं हसू फुटायला आलं. डावीकडे सतरा नंबरने उडी मारून चेंडू जाळ्यात ठोकला. निवेदक कानात ओरडला. पण प्रोफिराबाईंनी त्या शेवटच्या ओळीखाली बोट धरलं होतं, आणि माइकमध्ये शब्द पडला की ओळ वर सरकणार होती.

निवेदकाच्या मागे सहा सेकंद राहायची मुभा असते. स्मरांडाने मनात पाचपर्यंत मोजलं.

"गोल!" ती ओरडली.

ओळ वर सरकली. "गोल"मागून गोल करणारीचं नाव आलं, मग गुण आले, आणि ओळ आणखी वर गेली. प्रोफिराबाईंचं बोट तिच्याखाली धरलेलंच होतं. पडद्याच्या वरच्या कडेपर्यंत त्या टाचा उंचावून तिच्याबरोबर गेल्या.