एकेरी भिंत

लेकीनं फोनमध्ये घालून दिलेलं अॅप सकाळीच किंचाळलं: रात्रभर तुम्ही कोरोनाबाधिताच्या जवळ होतात. लेक दारातच थबकली. "आई, खरं सांग, कोण आलं होतं?" "कोण येणार? दूधवाल्याशीसुद्धा मी खिडकीतूनच बोलते. खुळं आहे तुझं अॅप." "ते माणूस नाही, जवळचा फोन ओळखतं. रात्री तुझा फोन कुठे होता?" मी उशीकडे बोट दाखवलं. तिची नजर मागच्या भिंतीवर खिळली. घराच्या वाटण्या झाल्या तेव्हा घातलेली एकेरी विटेची भिंत ती. पलीकडे थोरल्या जाऊबाई एकट्याच राहतात. आमचा तेव्हापासून अबोला. आठवडाभर त्या खोकत होत्या. मला वाटलं, माझी झोप मोडायला मुद्दाम खोकतात. आजार त्यांनी अॅपला कळवला, मला नाही. लेकीनं काकूंना फोन लावला. भिंतीपलीकडे, माझ्याच उशाशी रिंग वाजू लागली. वाजून वाजून थांबली. काल रात्री खोकलाही असाच थांबला होता. मी गाढ झोपले होते.