पांढऱ्या चादरीवरचा डिनी

डिनी कोचावर आडवा झाला आणि कॉन्सेप्टाच्या काळजाचं पाणी झालं. कोचावर लिननची पांढरी चादर होती. तिला तिने पहाटे उठून दोनदा इस्त्री केली होती.

"ऊठ आधी! तासाभरात परीक्षक येतील."

"दमलोय गं," तिचा नवरा म्हणाला. रविवारचा काळा सूट घालून बूट पॉलिश करणं, सकाळपासून त्याने एवढंच केलं होतं.

आज सेंट पॅट्रिकचा सण. किलब्रॅक गावात या दिवशी सर्वांत छान सजवलेल्या घराला दारावर लावायला पितळी पाटी मिळे. समोरच्या मॅलकी टूहीच्या दारावर अशा नऊ पाट्या होत्या. दहावीसाठी खिळा त्याने आधीच ठोकून ठेवला होता. त्याच्या छपरावर परीकथेतला हिरवा बुटका हवा भरून उभा केला होता. या बुटक्याची उंची दहा फूट होती. वारा सुटला की तो वाकून चर्चला सलाम ठोकी.

कॉन्सेप्टाला हे सारं ओंगळ वाटे. सण आपल्या संताचा, त्यात प्लास्टिकचं काय काम? तिच्या बैठकीच्या खोलीत पांढरं कापड, आजीचे चिनीमातीचे कप, दोन उंच मेणबत्त्या, भिंतीला लावलेल्या खुर्च्या आणि निळ्या वाडग्यात तीन-तीन पानांच्या शॅमरॉकची ओली जुडी होती. अख्ख्या खोलीत सणाचं हिरवं तेवढंच. पण ही अभिरुची रस्त्यावरून दिसत नसे. परीक्षक दर वर्षी फाटकाशी थांबत, घरात कोणी राहतं का असं एकमेकांना विचारत आणि समोर जात. नऊ वर्षांत एकानेही उंबरठा ओलांडला नव्हता.

"आणि घड्याळ कुणी बंद पाडलं? पडदे का ओढलेस? आरशावर माझं टेबलावरचं कापड काय करतंय?"

"ऊन येतं डोळ्यांवर."

महिना मार्चचा होता. देश आयर्लंड होता. बाहेर पाऊस पडत होता.

डिनीने वाडग्यातली एक डहाळी उचलून बोटांत धरली, हात छातीवर ठेवले आणि डोळे मिटले. पुढचं दार त्याने सताड उघडं टाकलं होतं. ते लावायला ती वळली, तर दारात मॅलकी टूही उभा. डोक्यावरची हिरवी स्पंजची टोपी त्याने काढून हातात घेतली होती.

"तुझे पडदे पाहिले आणि धावतच आलो. फार वाईट झालं, कॉन्सेप्टा."

पडदे तिने स्वतः शिवले होते. ते पाहून मॅलकीने हार मानली, असं वाटून तिची मान ताठ झाली. "होतं असं, मॅलकी. कधी ना कधी मान्य करावंच लागतं."

"पण किती अचानक!"

"अचानक कसलं? नऊ वर्षं चाललंय हे."

"नऊ वर्षं? आणि एका शब्दाने बोलला नाही बिचारा!" मॅलकीने तिचा हात दोन्ही हातांत घेऊन हलवला आणि एका खुर्चीत जाऊन बसला.

पाठोपाठ त्याची बायको नोरा सँडविचची परात घेऊन आली. मग बेकरीवाला आला, पोस्टमन आला, चर्चमध्ये ऑर्गन वाजवणाऱ्या दोघी बहिणी आल्या. खुर्च्या भरल्या. सगळे हळू आवाजात बोलत होते आणि येणारा प्रत्येक जण तिचा हात हातात घेत होता. कॉन्सेप्टा फुलून जाऊन चहा ओतत होती. खऱ्या अभिरुचीपुढे माणसाचा आवाज आपोआप खाली येतो, असं तिचं पूर्वीपासूनचं मत होतं.

मग नोरा कोचापाशी गुडघे टेकून बसली आणि तिने जपमाळ काढली. "जिवंतपणी इतका नीटनेटका कधी दिसला नाही गं हा."

कॉन्सेप्टाच्या हातात किटली तशीच राहिली. तिने खोलीकडे पाहिलं: ओढलेले पडदे, थांबलेलं घड्याळ, झाकलेला आरसा. गावात हे सारं मयताच्या घरीच करत. मग नवऱ्याकडे पाहिलं. नाडी कुणीच बघितली नव्हती. डिनीच्या सूटला इस्त्री होती आणि गावाला तेवढा पुरावा पुरेसा होता.

ती तोंड उघडणार, इतक्यात दारात परीक्षकांच्या प्रमुख बाई आल्या. मिसेस डिव्हेन, तालुक्याच्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांनी मेणबत्त्या पाहिल्या, कप पाहिले, चादरीची कड दोन बोटांनी चाचपली.

"ही मांडणी कुणाची?"

खरं सांगावं तर गावभर हसं, आणि दहावी पाटी समोरच्या खिळ्यावर. कोचावर डिनीची एक पापणी किंचित हलली.

"माझी," कॉन्सेप्टा म्हणाली.

"सगळी?"

"सगळी. हा तेवढा आपणहून आला."

"देवाची इच्छा," म्हणत बाईंनी वही उघडली. "कीव म्हणून देत नाहीये हं. चाळीस घरं पाहिली आज, हिरवं बघून बघून डोळे आले माझे. पण संत पॅट्रिक स्वतः आले, तर दोन घटका टेकतील असं हे एकच घर. पहिला नंबर."

मॅलकीने टाळ्या वाजवल्या. प्रसंग ओळखून, आवाज न करता.

मिरवणुकीचे ढोल वाजू लागले तशी माणसं नाइलाजाने उठली. नोरा आणखी सँडविच आणायला गेली. कॉन्सेप्टाने दार लावून घेतलं. डिनी उठून बसला आणि त्याने परात पुढे ओढली.

"मेल्या!" ती म्हणाली. "कधीपासून शिजत होतं हे?"

"गेल्या वर्षीपासून. म्हटलं, ही बाई एवढी सुरेख खोली लावते आणि एक माणूस आत येत नाही." त्याने चादरीवरची आपली सुरकुती तळहाताने नीट केली. "मयताच्या घरात डोकावल्याशिवाय आपल्या गावात कोणी पुढे जात नाही. तुझ्या खोलीत सगळं होतं, कॉन्सेप्टा. एक मढं तेवढं कमी होतं."