मागची सीट

स्टँडवरच्या दस्तगीरचा फोन मागून घेतला आणि त्यावरून मी रिक्षा बोलावली. दोन भलत्याच मिळाल्या, त्या रद्द केल्या. तिसरी हवी तीच आली, माझ्या बायकोची.

"ओटीपी सांगा," वैजू म्हणाली. आरशात मला पाहिलं, तरी तेवढंच म्हणाली.

तेरा वर्षं मी रिक्षा चालवतोय. महिलांच्या योजनेतून तिची इलेक्ट्रिक रिक्षा आली, त्याला आठ महिने झाले. ॲपवर ती चार पॉइंट नऊ, मी चार पॉइंट एक. मी सीएनजीच्या रांगेत उभा असतो तोवर तिच्या चार फेऱ्या झालेल्या असतात. पोरंसुद्धा शाळेला तिच्याच गाडीतून जातात. बाबांच्या गाडीत म्हणे कान दुखतात.

रिक्षात मागे बसायची मला सवय नाही. प्रत्येक वळणावर माझा पाय ब्रेक शोधत होता. गाडीला आवाज नव्हता, त्यामुळे आमचं न बोलणं ऐकू येत होतं. वैजूने एक खड्डा अलगद चुकवला, वळताना हात बाहेर काढला. दोन्ही मीच शिकवलेलं. खोट काढायला काही सापडेना, त्याचाच जास्त राग आला.

स्टेशनवर उतरलो आणि दस्तगीरच्याच फोनवरून तिला एक तारा देऊन टाकला.

जेवायला बसलो तेव्हा पोरगी वैजूचा फोन बघत होती. "आई, तुला आज एकच तारा कुणी दिला गं?"

"असेल कुणीतरी दमलेला," वैजू म्हणाली आणि तव्यावरची पहिली भाकरी तिने माझ्या ताटात वाढली.