शेजारची जागा

"सर, पाणलोटाचं क्षेत्रफळ परत बदललंय." विजयमालानं छापील कागदाची लांब पट्टी गोसावी सरांपुढं धरली. "सुरुवातीला बरोबर, शेवटी भलतंच. आणि मधे आपण त्याला हातसुद्धा लावत नाही."

"दर टप्प्यावर छापून बघा. जिथं शेवटचं बरोबर आलं आणि जिथं पहिल्यांदा चुकलं, त्यांच्या मधेच चोर असतो. सोमवारी पाटबंधाऱ्याचे साहेब येतायत. प्रोग्रॅम नीट चालला, तर तुमची नोकरी कायम."

विश्रामबागेतल्या कॉलेजात कॉम्प्युटर नवाच आला होता. त्याच्या घरघरीशिवाय खोलीत तिला सोबत नव्हती. घरीही तेच. नवरा, मानसिंग, लष्करात, लेहला. आठ महिन्यांची बेबी दिवसभर शेजारच्या रंगुबाईकडं. त्या आळीत विजयमालाला हाक मारणारी ती एकटीच. "वैनी, आल्या का?"

पण बेबी हल्ली फार झोपत होती. कडेवर घेतली की मान टाकायची. डॉक्टरांनी तिचे डोळे पाहून विचारलं होतं, "सांभाळतं कोण? पोर गप्प राहावं म्हणून काही बायका अफू देतात. बाहुल्या बारीक होतात त्यानं."

दुपारी प्रोग्रॅममधली चूक सापडली. पावसाच्या बारा महिन्यांसाठी यंत्रात ओळीनं बारा जागा राखल्या होत्या. वर्षाची बेरीज तेरावी. तीही त्याच ओळीत ठेवली जात होती, आणि ती जाऊन पडत होती शेजारच्या जागेत. तिथं क्षेत्रफळ होतं.

"म्हणजे गरीब बिचारं क्षेत्रफळ, आणि शेजारी चोर!" सर हसले.

तिला हसू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं बेबीच्या दिवसाचे टप्पे पाडले. उठल्यावर बेबी टक्क जागी. सासूबाईंनी कुंडलहून वळून पाठवलेली गुटीची गोळी दुधात उगाळून चाटवली, तेव्हाही जागी. रंगुबाईच्या कडेवर दिली, तर तिचा पदर ओढून खिदळली. मधल्या सुट्टीत विजयमाला धावत घरी आली. बेबी गोधडीवर निपचित. डोळ्यांतल्या बाहुल्या मोहरीएवढ्या.

"काय दिलंस हिला?"

"काय द्याचं वैनी? पेज चारली."

"अफू दिलीस तू!"

"आमी मेंढरामागं हिंडणारी मानसं खरी, पर माज्या लेकरांस्नी बी कवा..."

"पुन्हा हात लावायचा नाही माझ्या पोरीला."

संध्याकाळी कुणी हाक मारली नाही.

बेबीला सांभाळायला दुसरं कुणी मिळेना. शनिवारी तिनं राजीनामा दिला.

"अहो, परवा तुमचाच प्रोग्रॅम चालणार, आणि तुम्हीच नाही?" सर म्हणाले.

"पोर आधी, सर."

रविवारी सकाळी गुटी दिल्यावर बेबी परत पेंगली. अंगातलं विष उतरायला वेळ लागेल, असं तिनं स्वतःला समजावलं. तेवढ्यात कुंडलच्या एस.टी.नं सासूबाई आल्या.

"आत्याबाई, नोकरी सोडली मी."

"सोडलीस? ब्येस केलंस बाई!" सासूबाईंनी नातीला मांडीवर घेतलं, तिच्या कपाळावरनं हात फिरवला. "आई नसली की दिसभर रडल म्हनून माजा जीव तिकडं तुटायचा."

मग त्यांनी पिशवीतनं कागदाची नवी पुडी काढून सुनेच्या हातात ठेवली.

"आता तू घरातच हाईस. ह्या गोळ्यांत अफू घातली न्हाई बघ."