अंजनाचा दाखला

चौऱ्याहत्तर साली मी मिरजेत एका दवाखान्यात नर्स होते. नाथाजी आपल्या बहिणीला, अंजनाला, घेऊन आला; तिला काहीच जमत नाही, असा दाखला त्याला हवा होता. मग बापाच्या जमिनीतला तिचा वाटा त्याच्याच ताब्यात राहणार होता.

तिशीची अंजना पदराचं टोक पिळत बसली होती. नजरेला नजर देत नव्हती.

"स्वयंपाक करतेस का?" डॉक्टरांनी विचारलं.

"करतेस का?" अंजनानं तेच परत म्हटलं.

"कुठलं काय, डॉक्टर! चूल न्हाई, पाणी न्हाई, हिला काय म्हंता काय जमत न्हाई," नाथाजीच बोलला.

डॉक्टरांनी फॉर्मवर सगळीकडं 'नाही' लिहिलं. मी दातओठ खात शिक्का मारला.

"आवं बाई, आटपा की!" नाथाजी माझ्यावर खेकसला.



"एस्टी चुकली तर ही पाणी कवा भरंल, अन् चौदा माणसांच्या भाकरी कवा थापंल?"